खानावळीचा डबा आणि औषधाची वेळ



‘बाहेरचे काही खाऊ नका’ हे वाक्य वैद्यकीय सल्ल्यात इतके रुळले आहे की, समोरच्या माणसाच्या घरी आता चूल कोण पेटवते हा प्रश्न त्यापुढे मागेच पडतो. आमच्या जळकोटसारख्या गावात तो प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. मुले पुण्याला, हैदराबादला, लातूरला नोकरीनिमित्त गेली. घरात उरली ती दोन वृद्ध माणसे, आणि काही घरांत तर एकच. गुडघे दुखतात, हात थरथरतो, गॅसजवळ फार वेळ उभे राहवत नाही. अशा घरी रोजचा डबा खानावळीतून येतो, सकाळचा चहा टपरीवर होतो आणि बाजाराच्या दिवशी हॉटेलात बसून पुरी-भाजी खाल्ली जाते. त्यांना ‘बाहेरचे खाऊ नका’ असे सांगणे म्हणजे ‘जेवू नका’ असे सांगण्यासारखेच आहे.

जळकोट १९९९ साली स्वतंत्र तालुका झाला. कचेऱ्या आल्या, बँका आल्या, आणि त्यांच्यामागोमाग हॉटेले, खानावळी, रस्त्यावरचे ढाबे आणि घरगुती डबे देणाऱ्या भगिनीही आल्या. कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्यासाठी सुरू झालेल्या या व्यवसायाला आता एक नवे गिऱ्हाईक मिळाले आहे, ते म्हणजे साठी-सत्तरी ओलांडलेला, एकटा राहणारा, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस. त्याचा डबा कसा असावा, याचा विचार मात्र फारसा कोणी केलेला नाही. तोच आज आपण करू.

डबा उशिरा, गोळी वेळेवर

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. वय चौऱ्याहत्तर, पत्नी निवर्तल्या, दोन्ही मुलगे बाहेरगावी. रात्रीचा डबा साडेसातला येई आणि त्याआधी ते मधुमेहाची गोळी घेत. आठवडी बाजाराच्या एका रात्री खानावळीत गर्दी झाली आणि डबा साडेनऊपर्यंत आलाच नाही. गुरुजींनी गोळी मात्र शिस्तीने वेळेवर घेतली होती. शेजारी डोकावले तेव्हा ते घामाने भिजलेले होते आणि असंबद्ध बोलत होते. शेजाऱ्यांना वाटले, अर्धांगवायूचा झटका आला. साखर तपासली तेव्हा ती ४६ निघाली. ते शुद्धीवर होते व त्यांना गिळता येत होते, म्हणून साखरेचे पाणी दिले, आणि थोड्याच वेळात ते नीट बोलू लागले. आणखी तासभर कोणी डोकावले नसते तर काय झाले असते, हे सांगण्याची गरज नाही.

ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधे जेवण येवो वा न येवो, आपले काम करीतच राहतात. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम येणे, हात कापणे, छातीत धडधडणे, चिडचिड आणि गोंधळल्यासारखे वागणे ही लक्षणे दिसू लागतात. वृद्धांमध्ये घाम व थरथर कमी दिसून केवळ बोलण्यातील गोंधळच प्रकट होतो. त्यामुळे ‘म्हातारपणाचे विसरणे’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो.

म्हणून एक नियम आजच करावा. जी गोळी किंवा जे इन्सुलिन जेवणाआधी घ्यावयाचे आहे, ते डबा घरात येऊन झाकण उघडल्याशिवाय घेऊ नये. आपली कोणती गोळी या प्रकारची आहे, हे आपल्या डॉक्टरांना विचारून गोळीच्या पाकिटावर ठळक खूण करून घ्यावी. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी खाली जात नाही, तथापि तीही जेवणाबरोबर किंवा जेवणानंतरच घ्यावी. स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये वा तिचे प्रमाण बदलू नये.

साखर कमी झाल्याची शंका आली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घोळून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, अजून कमी असल्यास पुन्हा द्यावी आणि नंतर जेवण द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गोळीचा परिणाम लांबतो, त्यामुळे बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. प्रवासाला, लग्नाला किंवा बाजाराला जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. लग्नाची पंगत ठरल्या वेळी बसत नाही, हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही.

एक डबा, दोन वेळा

पैसे वाचावेत म्हणून अनेक घरी दुपारी एकच डबा येतो. अर्धा दुपारी खातात, अर्धा रात्रीसाठी ठेवतात. ही काटकसर समजण्यासारखी आहे, परंतु आपल्या भागातील उन्हाळ्यात ती धोक्याची ठरते. शिजवलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सकाळी अकराला शिजलेला भात रात्री आठला खाल्ला, तर मध्ये नऊ तास जातात.

भाताबाबत विशेष सावध राहावे. तांदळात असणारे काही जिवाणू बीजरूपाने शिजवण्यातूनही वाचतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. तरुणाला एक-दोन उलट्या होऊन बरे वाटेल. पण सत्तरीच्या माणसाला, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी घेत असेल तर, तेवढ्यानेही शरीरातील पाणी कमी होऊन चक्कर येऊ शकते, पडून हाड मोडू शकते आणि मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो.

यावर उपाय सोपा आहे. भात दुपारीच संपवावा आणि रात्रीसाठी भाकरी ठेवावी, कारण कोरड्या भाकरीत जिवाणू सहज वाढत नाहीत. भाजी व वरण आल्याबरोबर रात्रीचा वाटा वेगळा काढून फ्रीजमध्ये ठेवावा आणि खाताना चांगली उकळी आणावी. फ्रीज नसेल तर रात्रीसाठी दूध-भाकरी, ताक, किंवा घरच्या घरी दहा मिनिटांत होणारे पिठले बरे. पाण्यासाठी उघड्या जारवर अवलंबून राहू नये. सीलबंद बाटलीवर परवाना क्रमांक आणि तारीख असते, थंड पाण्याच्या उघड्या जारवर यांपैकी काहीच नसते. घरी उकळून गार केलेले पाणी उत्तम.

डब्यात काय असावे

खानावळीच्या डब्यात सामान्यतः पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ वरण आणि भात असतो. पोट भरते, पण स्नायूंना लागणारी प्रथिने कमी पडतात. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम प्रथिने मिळावीत. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे साठ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.) पातळ वरणाच्या एका वाटीतून ते भागत नाही. घट्ट डाळ, मटकीची उसळ, पिठले, दही आणि चालत असल्यास उकडलेले अंडे यांची जोड हवी. आपला लातूर जिल्हा तर तुरीचा. याच जिल्ह्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशा मुलखातील वृद्धाच्या वाटीत डाळीचे नुसते पाणी असावे, हे शोभणारे नाही.

दुसरी गोष्ट मिठाची. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. भाजीचे मीठ, त्यावर ठेचा, लोणचे, पापड आणि सोडा घातलेली भजी, असे मिळून ती एका जेवणातच ओलांडली जाते. ज्यांचे हृदय दुर्बल आहे त्यांनी सकाळी रोज वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढले, पाय सुजले किंवा आडवे झाल्यावर दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

दात नसलेल्यांनी भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून खावी. ज्यांना अर्धांगवायू होऊन गेला आहे व गिळताना ठसका लागतो, त्यांना ताठ बसवून, लहान घास देऊन आणि बोलणे थांबवूनच भरवावे.

हॉटेलात जावे की नाही?

जरूर जावे. टपरीवरच्या चहाला चार माणसे भेटतात, पिकापाण्याच्या, सोयऱ्याधायऱ्यांच्या गोष्टी होतात. एकटेपणा हाही प्रकृतीचा शत्रूच आहे, आणि त्यावर माझ्या कपाटात गोळी नाही. चहा दिवसातून दोनदा, कमी साखरेचा किंवा बिनसाखरेचा घ्यावा. सुशीला, उपीट यांसारखे पदार्थ तळणापेक्षा बरे, पण मधुमेह असल्यास छोटी बशीच घ्यावी, कारण चुरमुऱ्यांनी साखर चटकन वाढते. आपल्या जिल्ह्याचा प्रसिद्ध निलंगा राईस तिखट व तेलकट असतो, तो रात्री उशिरा खाऊ नये. औशाकडे जाताना उजनीची बासुंदी दिसली तर एक वाटी चौघांत वाटून घ्यावी. चव तर मिळतेच, शिवाय साखरही आवाक्यात राहते.

जागा निवडताना डोळे उघडे ठेवावेत. तेल काळपट, दाट, फेसाळ दिसत असेल किंवा कढई लवकर धुरकटत असेल, तर तेथील तळण टाळावे. वारंवार तापवल्याने तेलात जे घातक घटक साठतात, त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरता येत नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. भजी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घेऊ नयेत, छपाईची शाई अन्नात उतरते. दुकानात अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक लावलेला आहे का, ते पाहावे. गंभीर तक्रार असल्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते. तथापि माझा अनुभव असा की, छोट्या गावात पहिली तक्रार मालकाजवळच शांतपणे करावी. तो आपल्याला ओळखत असतो, आणि बहुतेक वेळा ऐकतो.

खानावळवाल्या मावशींशी एक बोलणे

वृद्ध ग्राहक हा व्यवसायाच्या दृष्टीने उत्तम ग्राहक आहे. तो सुट्टीला गावी जात नाही, परीक्षा संपली म्हणून डबा बंद करीत नाही आणि त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतात. म्हणून त्याच्या गरजा मांडताना संकोच करू नये. मुला-सुनांनी दुरून पैसे पाठवताना एक फोन खानावळीतही करावा आणि चार गोष्टी ठरवाव्यात.

१. डब्याची वेळ पक्की असावी, आणि उशीर होणार असेल तर आजी-आजोबांना आधी फोन यावा.

२. भाजी-वरणात मीठ व तिखट बेताचे असावे. लोणचे, पापड मागितल्याशिवाय देऊ नयेत.

३. घट्ट डाळ किंवा उसळ रोज असावी, आणि आठवड्यातून निदान चार दिवस ज्वारीची भाकरी असावी.

४. डबा हाती देणाऱ्याने ‘आजोबा, बरे आहात ना?’ एवढे विचारावे. दार उघडले नाही, बोलणे विचित्र वाटले, किंवा कालचा डबा तसाच भरलेला दिसला, तर लगेच ठरलेल्या क्रमांकावर कळवावे.

या चौथ्या गोष्टीला पैसा लागत नाही, पण तिचे मोल सर्वांत अधिक. दिवसातून दोनदा त्या घराच्या दारात जाणारा माणूस अनेकदा डबा पोहोचवणाराच असतो. महिन्यातून एकदा भेटणाऱ्या डॉक्टरपेक्षा त्याला पहिला बदल लवकर दिसतो.

येत्या पंधरवड्यात एवढे काम करावे. एका जाड कागदावर रुग्णाचे नाव, आजार, चालू औषधे, डॉक्टरांचा आणि जवळच्या नातेवाइकाचा क्रमांक लिहून तो दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा. त्याची एक प्रत खानावळीत द्यावी. आणि ज्या गोळीवर खूण करून घ्यावयाची आहे, ती गोळी पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावी.