दुधाच्या गावात सोयादूध

कोल्हापुरात राहून ‘मला दूध चालत नाही’ असे म्हणणे म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबाला न भेटता परत येणे! गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढली जाते आणि फेसाळलेला पेला माणसे उभ्या उभ्या रिकामा करतात. तालमीतला पैलवान असो की तास चुकवून आलेला आमच्यासारखा विद्यार्थी, तेथे सारे समान. मी मात्र मित्रांची पुस्तके सांभाळत बाजूला उभा असतो.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझे दूध बंद केले. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारे पाचकद्रव्य वाढत्या वयाबरोबर पुष्कळांच्या पोटात कमी होते. त्यात आजार असा काही नाही. पण हे घरी कोण सांगणार? आमच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत. त्यांचे दूध सकाळ-संध्याकाळ गावच्या संस्थेत जाते आणि तिथून १९६३ साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ संघात. त्या दुधाच्या बिलातूनच माझी फी भरली जाते. डॉक्टरांचा सल्ला ऐकून आबा एवढेच म्हणाले, “म्हशीवाल्याच्या पोराला दूध सोसंना!” त्यांचा आवाज रागाचा नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला.

अशा स्थितीत वसतिगृहातल्या एका मित्राने मोठ्या प्रेमाने सोयादुधाचा एक छोटा पॅक आणून दिला. स्वाद होता विड्याच्या पानाचा! नळी खुपसली आणि पहिला घोट घेतला. आधी गुलकंद आला, मग बडीशेप, मग घशात पिपरमिंटचा गारवा. लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखे वाटले. पण दोन क्षण गेले आणि या वऱ्हाडी मंडळींच्या मागून एक ओळखीचा वास हळूच पुढे आला. भिजवलेल्या सोयाबीनचा. आमच्या परड्यात, पावसात भिजलेल्या पोत्याला येतो तोच! मित्र हसून लोळला. मी मात्र पॅक संपवला आणि विचारात पडलो.

हा वास झाकण्यासाठी एवढा खटाटोप का? सोयाबीनचा दाणा पाण्यात वाटला की त्यातले लिपॉक्सिजनेज नावाचे द्रव्य तेलावर काम करते आणि हा उग्र वास सुटतो. उकळत्या पाण्यात वाटले तर तो बराच कमी होतो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने तर त्यासाठी वेगळे वाणही काढले आहेत. म्हणजे उपाय आहेत. तरीही आपण त्याला कधी चॉकलेट फासतो, कधी पान खायला घालतो, आणि वर ‘दूध’ म्हणतो. दूध म्हटले की तुलना आली, आणि म्हशीच्या दुधाशी तुलना झाली की बिचारे सोयाबीन हरलेच! अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली वनस्पतिजन्य पेयांना ‘दूध’ म्हणू नका असे बजावले, तेव्हा काहींना राग आला. मला वाटते, त्यात सोयाबीनचेच हित आहे.

हे धान्य काही काल आलेले नाही. १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग केले व ‘हरिजन’मधून त्यावर लिहिले. बडोदे संस्थानातले एफ. एस. काळे यांनी १९३६ साली त्यावर अख्खे पुस्तक प्रसिद्ध केले. हाँगकाँगमध्ये १९४० साली ‘व्हिटासॉय’ नावाचे सोयापेय बाटलीतून विकायला आले. पुढे ते तेथे सरबत-सोड्याच्या पंक्तीला बसले, दुधाची जागा मागत नव्हते, आणि लोकांनी त्याला आपले म्हटले.

आणि आपण? दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असलेले हे पीक आमच्या जिल्ह्यात जूनमध्ये पेरले जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पोती व्यापाऱ्याकडे जातात. त्याचे तेल निघते, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. पिकवणाऱ्याच्या ताटात ते क्वचितच येते. मग तेच पानाचा विडा खाऊन, नळी लावून आमच्याकडे परत येते!

दिवाळीच्या सुट्टीत मी घरचेच सोयाबीन रात्रभर भिजवले. आईने उकळते पाणी घालून मिक्सरला वाटले, फडक्यातून गाळले आणि चांगले खळखळून उकळले. गरम असताना गूळ टाकला तर फाटेल म्हणून निवल्यावर टाकला, वर थोडी सुंठ. आबा उंबऱ्यात बसून हा सारा उद्योग पाहत होते. “घरात दोन म्हशी बांधल्यात आन् शेंगा कसल्या पिळताय?” म्हणाले. तरी पेला हातात घेतलाच. एक घोट घेतला, थांबले, मग दुसरा घेतला.

“दूध न्हवं हे,” आबा म्हणाले. “पर वंगाळ बी न्हाई.”

वाचकमित्रहो, इतका न्याय्य अभिप्राय मी कुठल्याही जाहिरातीत वाचलेला नाही. पदार्थाला त्याच्या नावाने ओळखावे आणि त्याच्याच चवीने चाखावे. म्हशीचा मान म्हशीला राहू द्या. सोयाबीनला मात्र आपल्या जिल्ह्यात, आपल्या गुळाबरोबर, उघड्या चेहऱ्याने पेल्यात येऊ द्या. एखाद्या गावच्या संस्थेने वा बचत गटाने हे मनावर घेतले, तर पहिले गिऱ्हाईक मी. तोवर गंगावेशीत मित्रांची पुस्तके सांभाळायला मी आहेच. फक्त आता माझ्या पिशवीत घरून भरून आणलेली एक बाटली असते.