कॅमेऱ्याचं पीयूसी

आमच्या ऑफिसात सध्या दोनच विषय चालतात. अप्रेझल आणि चलन. दर सोमवारी कुणाच्या तरी मोबाईलवर मेसेज आलेला असतो, वेगमर्यादा ओलांडलीत, अमुक रुपये भरा. मग टपरीवर कटिंग येईपर्यंत पक्ष पडतात. एक म्हणतो, "सगळी वसुली आहे रे." दुसरा म्हणतो, "बरं झालं, चालवा अजून सुसाट." आणि तिसरा, सगळ्यात अनुभवी, सांगतो, "भरू नकोस. लोकअदालत लागली की कमी होतं."

मला या तिघांचाही वैताग येतो.

आधी वसुलीवाल्यांचं बघू, कारण ते संख्येने जास्त आहेत. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. म्हणजे रोज साडेचारशेच्या वर. सरकारी अहवाल सांगतो की यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर. आता पोलिसांच्या फॉर्ममधला 'अतिवेग' हा रकाना सैल असतो, खरं कारण काहीही असलं तरी तिथेच टिक लागते, हे मान्य. चला, निम्मे धरा. तरी वर्षाला जवळपास साठ हजार उरतात. शिवाय अकरावीचं फिजिक्स आठवा, ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० ऐवजी ६० ने गेलात तर वेग २० टक्क्यांनी वाढतो आणि धडकेची ऊर्जा ४४ टक्क्यांनी. रस्ता ओलांडणाऱ्या आजीला हा ४४ टक्क्यांचा फरक कळतो, तुम्हाला ऑफिसला पोचताना दीड मिनिटाचा.

आणि कॅमेऱ्याने वेग कमी होतो. हे माझं मत नाही. २०१० साली कॉक्रेनच्या संशोधकांनी जगभरातले ३५ अभ्यास एकत्र करून पाहिले. कॅमेऱ्यांच्या आसपास गंभीर आणि जीवघेणे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटलेले दिसले. अभ्यासांचा दर्जा कमी-जास्त आहे हे त्यांनीच लिहिलंय, पण दिशा सगळ्यांची एकच. तेव्हा कॅमेरे हवेत. चौकाचौकात मामा उभे करून जे होत नाही ते यंत्र करतं. यंत्र ओळखीचं नसतं, ते "काय साहेब, बघा ना जरा" ऐकत नाही.

पण म्हणून दुसऱ्या पक्षात मी जाऊन बसणार नाही. त्यांचं म्हणणं असं की यंत्राने पकडलं म्हणजे संपलं. रोज प्रॉडक्शनमधले बग निस्तरणाऱ्या माणसांनी हे बोलावं? आपण स्वतः लिहिलेल्या कोडवर आपला विश्वास नसतो आणि टेंडर काढून घेतलेल्या रडारवर मात्र आंधळी श्रद्धा!

गंमत म्हणजे कायदा करणाऱ्यांची ही श्रद्धा नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३६-अ आलं आणि त्याखाली ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ. एकदा वाचाच, फार मोठा नाही. प्रत्येक उपकरणाला राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र हवं, की ते अचूक आहे आणि नीट चालतंय. आणि हे प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यायचं. म्हणजे चक्क कॅमेऱ्याचं पीयूसी! कॅमेऱ्याची हद्द सुरू होण्याआधी ठळक फलक हवा. नोटीस १५ दिवसांत पाठवायची, तिच्यासोबत फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, जागा आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. माझ्या मते हा नियम उत्तम आहे.

आमच्या टीममधली चारपाच चलनं मी मागून घेऊन बघितली. (हो, वीकेंडला मला दुसरे उद्योग नाहीत :)) फोटो होता, वेग होता, दंडाची रक्कम तर ठसठशीत होती. यंत्र शेवटचं कधी तपासलं, हे एकावरही नव्हतं. माझ्या बाईकचं पीयूसी आठ दिवस उलटून गेलं तर ते मोबाईलवर दिसतं. कॅमेऱ्याचं का दिसू नये? चलनावर एक लिंक टाकायची, प्रमाणपत्र उघडायचं. हे दोन दिवसांचं काम आहे, फार तर एक स्प्रिंट.

"अरे, पण चूक होते कुठे एवढी?" होते. दिल्लीत २०१९ मध्ये निजामुद्दीन पूल ते गाझीपूर या पट्ट्यात फलक सांगत होता ७०, कॅमेरे चलन फाडत होते ६० च्या वर गेलं की. सुमारे दीड लाख चलनं पोलिसांना मागे घ्यावी लागली. यात रडारचा काहीच दोष नव्हता, दोन खात्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये त्याहून भारी. २०१२ साली तिथल्या वर्तमानपत्राने दाखवून दिलं की सिग्नलला थांबलेल्या गाडीला ताशी ३८ मैल वेगाचं तिकीट गेलंय. गाडी उभी! २०१३ मध्ये शहराने अख्खी यंत्रणा बंद केली, ती पुन्हा सुरू व्हायला २०१७ उजाडलं. दरम्यान तिथल्या विधिमंडळाने एक शहाणपणा केला. कंत्राटदाराला दर तिकिटामागे पैसे द्यायची पद्धत बंद केली.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यंत्र लावणाऱ्याचं पोट चलनांच्या संख्येवर भरत असेल, तर ज्या जागी लोक सहज मर्यादा ओलांडतात ती जागा तो शोधणार, लोक मरतात ती नाही. या दोन जागा वेगळ्या असतात.

पुण्यातला नवले पूल घ्या. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की पुलापर्यंत लांबलचक उतार. २०२२ च्या नोव्हेंबरात इथे एका अवजड गाडीने पुढच्या गाड्या उडवल्या आणि तब्बल ४८ वाहनांचं नुकसान झालं. २०२५ च्या नोव्हेंबरात कंटेनर आदळून आग लागली, माणसं होरपळून गेली. मग वेगमर्यादा आणखी खाली आणली गेली. ठीक. आता उताराच्या पायथ्याशी एक कॅमेरा लावला तर काय होईल? स्विफ्ट आणि अ‍ॅक्टिव्हा पकडल्या जातील, ढिगाने. पण घात करतो तो ट्रक, आणि त्याचा घात वर बोगद्याच्या तोंडाशी सुरू होतो, जिथे ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल टाकतो आणि खाली येईतो ब्रेक तापून निकामी होतात. पायथ्याच्या कॅमेऱ्यात त्या ट्रकचा फोटो सुंदर येईल. तोवर झालेलं असेल. इथे बोगदा ते पूल असा सरासरी वेग मोजायला हवा, आणि अवजड वाहनांसाठी वेगळा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून दोन कमानींमधला सरासरी वेग मोजतातच. तंत्र आपल्या दारात आहे. शिवाय कॅमेरा दिसला की ब्रेक, मागे पडला की पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर, ही आपली राष्ट्रीय कसरतही त्याने बंद होते.

राहता राहिला लोकअदालतवाला. त्याच्याशी मी भांडत नाही, त्याला चुकीचं चलन आणि बरोबर चलन यात फरकच करायचा नाहीये. दोन्हीवर सूट हवी. चलन चुकीचं असेल तर ते शून्य झालं पाहिजे, आणि बरोबर असेल तर पूर्ण भरलं पाहिजे. निम्म्यात तोडपाणी म्हणजे सरकारनेच सांगायचं, की आमचाही आमच्या यंत्रावर फारसा विश्वास नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. मी तीन प्रश्न लिहून ठेवलेत. आपल्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचं शेवटचं प्रमाणपत्र कोणत्या तारखेचं? ती जागा निवडताना आधीच्या तीन वर्षांतले कोणते अपघात बघितले? कंत्राटदाराला पैसे कशावर मिळतात, महिन्यावर की चलनावर? अर्ज सोमवारी टाकतोय. तुमच्या शहरात टाकलात तर उत्तर मलाही कळवा.