घरचा चरखा, घरचा संगणक

1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत घाणा, हातकागद यांवर प्रयोग केले. हत्यार वापरणाऱ्यालाच ते उघडता यावे, सुधारता यावे, ही त्यामागची दृष्टी.

आज आपल्या घरांत चरखा नाही, संगणक आहे. पण त्याची किल्ली परक्याच्या हाती! 14 ऑक्टोबर 2025 रोजी कंपनीने विंडोज 10 चा आधार काढून घेतला, आणि कितीतरी धडधाकट यंत्रे एका दिवसात म्हातारी ठरली.

यावर एक उतारा आहे: 'डेबियन'. 1993 साली इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने प्रेयसी डेब्राचे व आपले नाव जोडून तिचे बारसे केले. ही प्रणाली कुणा शेटजींची नव्हे. देशोदेशीचे स्वयंसेवक ती रचतात, आपला पुढारी दरवर्षी मतदानाने निवडतात. 2023 मध्ये त्यांचा मेळावा कोचीत भरला होता. ती फुकट मिळते, शेजाऱ्यालाही देता येते. मराठी लिहिण्याची सोय आहेच.

सवयीचे काही प्रोग्राम तिच्यावर चालत नाहीत, हेही खरे. तेव्हा कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवा आणि आधी पेनड्राइव्हवरून ती चालवून पाहा. दिवाळीच्या आवराआवरीत जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी एवढे जरूर करा!