घरकुल मंजूर; पण जागेचे काय?

बेघरांना घर देण्यासाठी आज सरकारी योजनांची उणीव नाही. प्रधानमंत्री आवास, शबरी, रमाई अशा योजना एकाच वेळी राबविल्या जात आहेत. तरीही जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात घराचा प्रश्न पैशापाशी जितका अडतो, त्याहून अधिक जागेपाशी अडतो. घर बांधायचे कोठे, ती जागा कोणाच्या नावावर आहे आणि पावसाळ्यात ती सुरक्षित राहील काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय मंजुरीच्या याद्यांना फारसा अर्थ राहत नाही. माळीणच्या दुर्घटनेला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी हे तिन्ही प्रश्न कायम आहेत.

धरणे झाली, जमीन आटली

कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही पाचही धरणे या दोन तालुक्यांत आहेत. त्यांचे पाणी पुणे, अहिल्यानगर व सोलापूर जिल्ह्यांतील शेतीला मिळते. नारायणगाव आणि मंचर परिसराला आलेल्या सुबत्तेत या पाण्याचा वाटा मोठा आहे. मात्र धरणांच्या वरच्या अंगाला खोऱ्यातील सपाट, कसदार जमीन पाण्याखाली गेली. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते मूळ गावच घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. एका बाजूला जलाशय, दुसऱ्या बाजूला वनखात्याची हद्द आणि भीमाशंकरचे अभयारण्य, अशा कोंडीत येथील महादेव कोळी, ठाकर व कातकरी कुटुंबे राहतात. वाढत्या कुटुंबाला घर बांधायचे तर डोंगरउताराखेरीज पर्याय उरत नाही, अशी अनेक वाड्यांची स्थिती आहे.

माळीणचा अनुभव

उतारावरील वस्तीचा धोका ३० जुलै २०१४ रोजी साऱ्या देशाने पाहिला. मुसळधार पावसात आंबेगाव तालुक्यातील माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर पुनर्वसनासाठी जागा शोधताना प्रशासनाची दमछाक झाली. मदतीचा ओघ होता, शासनाची इच्छाही होती. पण सुरक्षित, पाण्याची सोय असलेली आणि ग्रामस्थांना मान्य होईल अशी जमीन सहजी मिळेना. अखेर आमडे येथील सुमारे आठ एकर जागा निश्चित झाली. शाळा, अंगणवाडी, गुरांचे गोठे यांसह उभारलेल्या नव्या माळीणचे २ एप्रिल २०१७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते लोकार्पण झाले.

तथापि त्याच वर्षीच्या जून महिन्यात, पहिल्याच पावसाने नव्या वसाहतीतील रस्ते खचले, भराव वाहून गेला आणि ग्रामस्थांच्या मनात पुन्हा भीती दाटली. घरे भूकंपरोधक बांधली, पण उतार कापून केलेल्या सपाटीवरील पाण्याचा निचरा हा तितकाच महत्त्वाचा विषय असतो, हे त्यातून दिसून आले. सह्याद्रीच्या या पट्ट्यात घराची मजबुती भिंतींबरोबर जमिनीवरही ठरते.

माळीणनंतर झालेल्या पाहणीत पुणे जिल्ह्यातील २३ गावे दरडप्रवण ठरविण्यात आली. त्यांत आंबेगाव व जुन्नरच्या वाड्यांचाही समावेश आहे. पावसाळा आला, की अशा ठिकाणच्या रहिवाशांना सावधगिरीच्या सूचना दिल्या जातात, काहींचे तात्पुरते स्थलांतर होते आणि दिवाळीपर्यंत विषय मागे पडतो. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळीये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे माळीणचीच पुनरावृत्ती झाली. दुर्घटना घडल्यावर जागा मिळते, कंपन्या आणि संस्था पुढे येतात. दुर्घटनेपूर्वी स्थलांतर करू इच्छिणाऱ्या वाडीला मात्र तोच न्याय लागू होत नाही.

उताऱ्याविना घर नाही

दुसरी अडचण कागदाची आहे. घरकुलाचा हप्ता मिळविण्यासाठी लाभार्थ्याकडे जागेचा पुरावा असावा लागतो. या भागातील अनेक वाड्या मूळ गावठाणाबाहेर वसल्या आहेत. सातबारा आजोबांच्या नावावर, वारस दहा आणि त्यातील निम्मे मुंबईला, अशा स्थितीत संमती गोळा करण्यातच वर्ष जाते. ड्रोनद्वारे घरांची मोजणी करणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली. परंतु तिचा भर गावठाणातील मिळकतींवर आहे. गावठाणाबाहेरची वाडी तेथेही मागेच राहते.

कातकरी कुटुंबांची अवस्था अधिक बिकट आहे. त्यांतील अनेकांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. दुसऱ्याच्या बांधावर किंवा सरकारी जागेवर झोपडी आणि वर्षातील काही महिने वीटभट्टीवर, असा त्यांचा क्रम असतो. सर्वेक्षणाच्या वेळी कुटुंब वाडीत नसले, तर यादीतून नाव सुटते. आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम-जनमन' अभियानात घरासाठी २ लाख रुपयांची तरतूद करण्यात आली. सर्वसाधारण प्रधानमंत्री आवास योजनेत मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, हे पाहता ही रक्कम निश्चितच मोठी आहे. पण जागेचा पेच सुटला नाही, तर ती कातकऱ्यांपर्यंत पोहोचणे कठीण आहे.

मार्ग आहेत, वापर हवा

राज्य शासनाने या पेचावर उपाय केलेच नाहीत, असे म्हणता येणार नाही. जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने २०१५ मध्ये अर्थसाह्य योजना सुरू झाली. सरकारी जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय फेब्रुवारी २०१८ मध्ये झाला. वनहक्क कायद्यात शाळा, अंगणवाडी, रस्ते अशा सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देण्याची सोय होती. त्यात घरांचा उल्लेख नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात ही उणीव दूर करण्याचा मार्ग खुला झाला. आंबेगाव व जुन्नरचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, त्यामुळे येथील वाड्यांसाठी ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे.

मात्र हे सारे मार्ग वेगवेगळ्या कार्यालयांतून जातात. घरकुलाची यादी पंचायत समितीकडे, सातबारा तहसील कार्यालयाकडे, जंगलाची हद्द वनखात्याकडे, तर आदिवासींच्या योजना घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाकडे. लाभार्थ्याने या चार दारांत हेलपाटे घालावेत, अशीच व्यवस्था आहे. रोजंदारी बुडवून ते करणे ज्याला परवडते, त्याचे घर आधी होते. घरकुलातील विषमता नेमकी येथून सुरू होते.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक वाडीची जागा कोणाच्या मालकीची, तेथील किती कुटुंबांकडे उतारा नाही आणि दरडीचा धोका किती, याची एकत्रित नोंद तालुका पातळीवर तयार होऊ शकते. पेसा कायद्याखालील राज्याच्या २०१४ च्या नियमांनुसार वाडी-पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा भरविता येते. अशा सभेत यादीचे वाचन झाले आणि त्या दिवशी चारही कार्यालयांचे अधिकारी उपस्थित राहिले, तर अनेक प्रकरणे जागेवरच मार्गी लागतील. ही सभा वीटभट्टीवरून कुटुंबे परतल्यावर, पण पाऊस सुरू होण्यापूर्वी व्हायला हवी.

प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा टप्पा २०२८-२९ पर्यंत चालणार आहे. या काळात किती घरे मंजूर झाली, याचे आकडे वेळोवेळी जाहीर होतीलच. त्यासोबत किती भूमिहीनांना जागा मिळाली आणि किती धोकादायक वाड्या दुर्घटनेपूर्वी हलविल्या, हे दोन आकडेही जाहीर व्हावेत. पश्चिम पट्ट्यातील योजनेचे यश त्यांवरूनच मोजता येईल.