काळजाचे भोक आणि मांडीतली नळी

दूध ओढताना लेकराला धाप लागते, कपाळाला घाम फुटतो, वजन काही चढत नाही. आपण दृष्ट काढतो अन् म्हणतो, होईल मोठेपणी बरे. आमच्या मते चुकते ते इथेच. हजारात आठ-नऊ मुले हृदयाचा काही ना काही दोष घेऊन जन्मतात. बारकी भोके कित्येकदा आपोआप बुजतात, खरे आहे. पण कोणते बुजेल हे इको काढून डॉक्टरने सांगावे, शेजाऱ्याने नव्हे.

ऑपरेशन म्हटले की छाती फाडणेच डोळ्यांपुढे येते. बऱ्याच दोषांत आता तशी गरज नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. तिच्यातून निकेल-टायटॅनियमच्या तारेची मिटलेली चकती सरकवतात. ती भोकात उघडते नि घट्ट बसते. ही वाट बर्लिनच्या पोर्स्टमान यांनी १९६७ सालीच दाखवली. सगळे दोष असे मिटत नाहीत, काहींना टाके लागतातच. मात्र मोठे भोक वर्षानुवर्षे तसेच राहिले, तर फुप्फुसातला दाब इतका चढतो की मग ते बुजवताही येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडी-शाळांत मुले तपासतात. आपली मुले तिथे सापडतात. ऊसतोडणी टोळ्यांची लेकरे गावी नसतात अन् इथल्या पटावरही नसतात. आपला ऊस मात्र त्यांच्याच आईबापांच्या हातून गाळपाला जातो! हंगामाच्या पहिल्याच महिन्यात कारखान्याने आपल्या जीपमधून हे पथक कोप्यांवर न्यावे, असा ठराव आम्ही वार्षिक सभेत मांडणार आहोत. डिझेलचा हिशेब विचारणाऱ्यांनी जरूर विचारावा.