सर्व्हरला हात लावू नका!

मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचा मूड आहे. भांडण कुठल्या माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. "थांब, मी पटकन लॉगिन करून एक लाइन बदलतो." हे वाक्य तुम्ही तुमच्या टीममध्ये ऐकलं असणार, कदाचित याच आठवड्यात. माझ्या मते प्रॉडक्शनवर याच्याइतकं महागडं वाक्य दुसरं नाही. आणि ते बोलणाऱ्याला आपण वर शाबासकी देतो, हा तर कहर आहे.

का महागडं? कारण ती एक लाइन फक्त दोन ठिकाणी राहते: त्या सर्व्हरवर आणि त्या माणसाच्या डोक्यात. सर्व्हर कधीतरी जळतो, माणूस कधीतरी पेपर टाकतो. मग शोधत बसा.

यावरचा उपाय काही कालपरवाचा नाही. १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन लिहिलं. त्यातली कल्पना अशी, की सर्व्हरला 'हे कर, मग ते कर' सांगायचं नाही. तो शेवटी कसा दिसला पाहिजे ते लिहून ठेवायचं. प्रोग्रॅम येऊन बघतो, फरक असेल तेवढाच दुरुस्त करतो. दहा वेळा चालवा, परिणाम तोच. साधारण त्याच सुमारास एडिंबरा विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सायन्स विभागात एलसीएफजी नावाची व्यवस्था उभी राहिली. तिची रचना तर मला आजही आवडते. सगळ्या मशीनना लागू असलेली माहिती सामायिक फाइलमध्ये एकदाच लिहायची. प्रत्येक मशीनच्या छोट्याशा फाइलमध्ये त्या सामायिक फाइली जोडायच्या आणि तिचं जे वेगळेपण असेल तेवढंच लिहायचं. मधला सर्व्हर हे सगळं एकत्र करून प्रत्येक मशीनचं एक्सएमएल प्रोफाइल बनवतो, मशीनला 'नवीन आलंय' असा निरोप देतो, आणि मशीन एचटीटीपीवरून ते उचलून स्वतःला तसं करून घेते. डीएनएसचा पत्ता बदलला? एका फाइलमध्ये एक लाइन. शंभर मशीनवर शंभर वेळा लॉगिन नाही.

पुढे २००५ मध्ये पपेट आलं, २००९ मध्ये शेफ, २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ ही गोष्ट जगाला माहीत आहे, आणि बरीचशी फुकट मिळते. तरी आपण अजून 'पटकन लॉगिन' करतोय. याला काय म्हणायचं?

बरं, नुकसान किती होऊ शकतं? अमेरिकेतल्या नाइट कॅपिटलची गोष्ट सॉफ्टवेअरवाल्या प्रत्येकाने पाठ करावी अशी आहे. २०१२ च्या जुलैअखेर त्यांनी शेअर बाजारात ऑर्डर पाठवणाऱ्या आठ सर्व्हरवर नवा कोड टाकला. टाकणाऱ्या तंत्रज्ञाकडून आठवा सर्व्हर राहून गेला. दुसऱ्या कोणी तपासून बघितलं नाही, कारण तपासा असा लेखी नियमच नव्हता. १ ऑगस्टला बाजार उघडला. नव्या कोडसाठी जो फ्लॅग वापरला होता, तोच फ्लॅग आठव्या सर्व्हरवर २००३ पासून बंद असलेल्या एका जुन्या कोडला जागं करत होता. साधारण ४५ मिनिटांत चाळीस लाखांवर सौदे झाले, आणि कंपनीला शेवटी ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त खड्डा पडला. त्यात सुधारायला गेलेल्यांनी ज्या सात सर्व्हरवर नवा कोड नीट बसला होता, तिथूनच तो काढला. आग आणखी पसरली! पुढच्या वर्षी कंपनी गेटकोमध्ये विलीन झाली.

आता, जुना फ्लॅग नव्या कामाला वापरणं ही वेगळी चूक होती, ती प्रोफाइल फाइलने टळली नसती हे मान्य. पण आठ सर्व्हर एकाच प्रोफाइलवरून चालत असते, तर आठवा एक तर बाकीच्यांसारखा झाला असता, नाही तर 'हा जुळत नाही' म्हणून बाजार उघडायच्या आधीच लाल दिसला असता. आणि धावपळीच्या वेळी नेमकं कुठे काय आहे हे कोणाला अंदाजाने ठरवावं लागलं नसतं.

यावर नेहमीचे आक्षेप येतात. एकेक घेऊ.

"आमच्याकडे टूल आहे हो." असेल. पण चालू आहे का? मी अशा जागा बघितल्यात जिथे पपेटचा एजंट सगळीकडे बसवलेला, आणि निम्म्या मशीनवर बंद. कारण? एजंट ठरलेल्या वेळाने, मुद्दाम बदललं नसेल तर दर अर्ध्या तासाने, प्रोफाइल बघतो आणि कोणीतरी हाताने केलेला बदल पुसून टाकतो. म्हणून त्याला 'तात्पुरतं' बंद केलं. आपल्याकडचं तात्पुरतं किती वर्षं टिकतं ते सांगायला नकोच. हे म्हणजे वॉचमन दार अडवतो म्हणून वॉचमनलाच घरी पाठवण्यासारखं झालं.

"आता सगळं क्लाउडवर आहे, कुबरनेटीस आहे, सर्व्हर राहिलेत कुठे?" नाव बदललं, खोड तीच. कन्सोलवर जाऊन माउसने फायरवॉलचा नियम बदलणं आणि एसएसएच करून फाइल बदलणं, यात काडीचा फरक नाही. दोन्हीचा पत्ता फाइलला नाही.

"एक चुकीची लाइन सामायिक फाइलमध्ये गेली तर सगळेच सर्व्हर एकदम झोपतील." हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि जे ऑटोमेशनचे भक्त तो हसण्यावारी नेतात त्यांच्याशीही माझं भांडण आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकची एक सदोष कंटेंट फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन कोसळल्या. विमानं अडकली, हॉस्पिटलांची कामं खोळंबली. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. पण यातून धडा काय घ्यायचा? हाताने काम करायचं? ८५ लाख मशीनवर? धडा असा की फाइल सगळीकडे एका दमात सोडायची नाही. आधी एका मशीनवर, मग दहावर, मग बाकीच्यांवर. भात शिजला का बघायला आपण एक शीत दाबून बघतो, तसंच. आणि बदल दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही. फाइल असेल तर ती वाचता तरी येते. मध्यरात्री कोणी टर्मिनलवर काय टाइप केलं, ते कोण वाचणार?

"पण इमर्जन्सीचं काय?" घर पेटलं असेल तर दार फोडा, नाही कोण म्हणतंय. पण सकाळी तोच बदल फाइलमध्ये गेला पाहिजे आणि ते मशीन फाइलवरून पुन्हा उभं राहिलं पाहिजे. नाही तर पुढच्या वेळी प्रोफाइलवरून नवा सर्व्हर बनवाल आणि जुनाच बग परत येईल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता खरं दुखणं सांगतो. हे सगळं आपल्याला कळत नाही असं मुळीच नाही. आपल्याला तो 'हीरो' आवडतो. रात्री तीनला फोन लावला की उठून दोन मिनिटांत सर्व्हर चालू करणारा. मॅनेजर त्याला सगळ्यांसमोर थँक्यू म्हणतो, अप्रेझलला त्याचं नाव वर असतं. आणि ज्या मुलीने आठवडाभर बसून प्रोफाइल नीट लिहिलं, ज्यामुळे रात्री तीनला फोन आलाच नाही, तिला कोण विचारतं? न वाजलेल्या फोनचा रिपोर्ट कुठे निघतो!

एका कंपनीत (नाव नको) असा एक हीरो होता. लॉग साफ करणारं क्रॉनचं काम त्याने स्वतःच्या अकाउंटमधून लावलेलं. तो गेला, नियमाप्रमाणे अकाउंट बंद झालं, काही आठवड्यांनी रविवारी डिस्क भरली. तोंडघशी पडली कोण? तीन महिन्यांपूर्वी जॉइन झालेली, त्या दिवशी ऑन-कॉल असलेली मुलगी. "इतकं साधं तुला कळलं नाही?" कसं कळणार? लिहिलेलं होतं कुठे?

म्हणून हा वाद मला टूलचा वाटत नाही. डोक्यात ठेवलेलं ज्ञान ही सत्ता असते, फाइलमध्ये लिहिलेलं ज्ञान सगळ्या टीमचं असतं. जो लिहून ठेवत नाही तो ज्युनियरची रविवारची सुट्टी खातो. आणि गंमत म्हणजे स्वतःचीही खातो, कारण गणपतीत गावी गेला तरी लॅपटॉप बगलेतच.

तर सोमवारी एक करा. तुमच्या टीमचा एक सर्व्हर निवडा, अगदी बिनमहत्त्वाचा चालेल. विचारा, हा आत्ता पुसून टाकला, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत निव्वळ फाइलवरून, कोणालाही फोन न करता परत उभा राहील का? उत्तर 'हो' असेल तर तुमचं अभिनंदन, कॉमेंटमध्ये सांगा कसं जमवलं ते. "त्या अमुकला विचारावं लागेल" असं असेल, तर त्या अमुकला चहा पाजा, शेजारी बसवा आणि लिहायला घ्या. तो पेपर टाकायच्या आधी :-)