वाचता वाचता : खुनी शहाणा की वेडा?



या वेळी आम्ही एक जुनी अमेरिकन गोष्ट घेतली आहे. जेमतेम चार-पाच पानांची, पण रात्री एकट्याने वाचू नये अशी! एडगर ॲलन पो यांची 'द टेल-टेल हार्ट' जानेवारी १८४३ मध्ये 'द पायोनियर' या मासिकात छापून आली. यात खुनी स्वतःच बोलतो. घरातल्या म्हाताऱ्याने त्याचं काही वाकडं केलेलं नाही, पैशाचाही लोभ नाही. पण म्हाताऱ्याचा एक डोळा गिधाडासारखा, फिकट निळा, वर पडदा आलेला. तो पाहिला की याचं रक्त गोठतं. सात रात्री हा मध्यरात्री कंदील घेऊन खोलीत डोकावतो. डोळा मिटलेला असतो, म्हणून परत फिरतो. आठव्या रात्री डोळा उघडा दिसतो आणि म्हाताऱ्याचा जीव जातो. प्रेताचे तुकडे जमिनीच्या फळ्यांखाली. पहाटे पोलीस येतात तेव्हा हा हसतमुखाने घर दाखवतो, त्यांना बसायला खुर्च्या देतो आणि स्वतःची खुर्ची ठेवतो नेमकी त्या फळ्यांवर! मग त्याला खालून हृदयाचे ठोके ऐकू येतात, वाढत जातात, आणि शेवटी तोच ओरडून गुन्हा कबूल करतो.

गोष्टभर त्याचं एकच पालुपद : मी वेडा नाही. पुरावा काय? तर किती सावधपणे काम केलं ते बघा!

पुष्कळ वाचक इथेच फसतात. एवढं पद्धतशीर काम करणारा वेडा कसा, असं त्यांना वाटतं. पण खुद्द पो यांचं मत वेगळं होतं. १८४० मध्ये फिलाडेल्फियात जेम्स वुड नावाच्या इसमावर स्वतःच्या मुलीला गोळी घातल्याचा खटला चालला आणि वेडाच्या कारणावरून तो सुटला. पो तेव्हा त्याच शहरात राहत होते. त्यांनी एका साप्ताहिकात लिहिलं की वुड पिस्तुलं विकत घेताना इतका शांत होता, ते शहाणपणाचं लक्षण नव्हे. वेड्याच्या अंगी असा धूर्तपणा असतोच. म्हणजे या गोष्टीचं बी तीन वर्षं आधीच पडलं होतं म्हणा ना!

कायदा मात्र वेगळा प्रश्न विचारतो. जानेवारी १८४३ मध्येच लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान पील यांच्या सेक्रेटरीवर गोळी झाडली. तोही वेडा ठरून सुटला, मोठा गदारोळ झाला आणि त्याच वर्षी न्यायाधीशांनी कसोटी घालून दिली : आपण काय करतो आहोत आणि ते चूक आहे, हे आरोपीला कळत होतं का? १८६० च्या भारतीय दंडसंहितेचं कलम ८४ याच विचारावर उभं होतं. आता १ जुलै २०२४ पासून तेच न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे.

या कसोटीवर आमचा खुनी काही सुटत नाही. चूक आहे हे कळत नसतं, तर प्रेत लपवलं कशाला? पोलिसांपुढे हसला कशाला? पण मग कबुली का दिली? मेलेल्याचं हृदय काही धडधडत नाही. ते ठोके बहुधा त्याच्याच छातीतले! इथे आम्हाला रामबाम आठवतात. आरोपीच्या नुसत्या कबुलीवर बेथ-दिनने देहदंड देऊ नये, असा आपला नियम. कारण सांगताना ते म्हणतात की बोलणाऱ्याचं मन बिघडलेलं असेल, तो जिवाला कंटाळून मरण मागत असेल. आठशे वर्षांपूर्वीचा हा विचार!

आणखी एक गंमत बघा. वेडा ठरणं ही त्याची फास चुकवण्याची एकच वाट. लबाड माणसाने वेडाचं सोंग घेतलं असतं. हा मात्र ती वाट स्वतःच्या हाताने बंद करतो. आमच्या मते हीच त्याच्या आजाराची सगळ्यात मोठी खूण. म्हणून आमचा निकाल असा : माणूस आजारी, नक्कीच. पण चूक-बरोबर कळत होतं, म्हणून जबाबदारही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आता कोणी म्हणेल, पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या गोष्टीचं आज काय? मनाचा आजार असलेली बहुतेक माणसं कोणाच्या वाटेलाही जात नाहीत, हे आधी सांगून ठेवतो. त्या बिचाऱ्यांवर खुनी असल्याचा संशय नको. पण आपल्या घरांतून अजून ऐकू येतं, "तो वेळेवर कामाला जातो, हिशेब चोख ठेवतो, त्याला काय धाड भरलीय?" काम नीटनेटकं आहे म्हणून मन ठीक आहे असं नव्हे, एवढं ही गोष्ट शिकवते. कोणी न विचारता पुन्हा पुन्हा "मला काही झालेलं नाही" म्हणू लागला, तर वाद घालू नका, हसू नका. जवळ बसा आणि डॉक्टरकडे न्या.

असो. तुम्ही पंच असता तर काय निकाल दिला असता? जरूर कळवा.